चित्रांतली म्हातारी आणि कागदी पौंड

चलनवाढ, विनिमयाचा दर, अंदाजपत्रकांतील तूट हे शब्द मथळ्यांत दिसले कीं आमच्या घरांतील बहुतेक मंडळी तें पान उलटून पुढें जातात. त्यांना दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. अर्थशास्त्रावर लिहिणारांनींच आपल्या विषयाभोंवतीं कांटेरी कुंपण घातलें आहे. पण त्याच पानावर व्यंगचित्र असलें तर आजीपासून नातवापर्यंत सर्वांची नजर थबकते. व्यंगचित्र म्हणजे घटकाभर करमणूक, असें समजणाऱ्या वाचकांनीं दोन जुनीं इंग्रजी चित्रें अवश्य पाहावीं.

पहिलें जेम्स गिलरे याचें, १७९७ सालचें. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या खर्चानें व स्वारीच्या अफवांनीं इंग्लंडांतील सोन्याचा सांठा आटत चालला होता. त्या फेब्रुवारींत सरकारनें बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यांत सोनें देण्याची मनाई केली, आणि लगेच १ व २ पौंडांच्या नोटा प्रथमच निघाल्या. हा सारा व्यवहार गिलरेनें एका म्हातारीच्या रूपानें दाखविला. तिच्या अंगावर नोटांचाच झगा आहे, तिजोरीवर ती घट्ट बसली आहे, आणि किडकिडीत मुख्य प्रधान पिट प्रेमाचें सोंग आणून तिच्या खिशांतील मोहरा काढूं पाहत आहे. थ्रेडनीडल रस्त्यावरील त्या बँकेला ‘म्हातारी’ हें नांव चिकटलें तें आजतागायत. (याच गिलरेस त्याच वर्षीं सरकारकडून सालिना २०० पौंडांचा तनखा सुरू झाला, हेंही सांगितलें पाहिजे.)

आमच्या आत्याबाईंना हें चित्र फार पटलें. नोव्हेंबर २०१६ मध्यें ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हां कोणासही न सांगतां देवघरांतील डब्यांत त्यांनीं सांठविलेले पैसे सर्वांसमक्ष बाहेर काढावे लागले. रक्कम लहान होती, बँकेंत ती रीतसर भरलीही गेली. पण जें गुपित त्यांचें एकटीचें होतें तें घराच्या हिशेबांत आलें. चलनधोरणावरील लेख आम्हीं त्यांना वाचून दाखविले, ते त्यांनीं मुकाट्यानें ऐकून घेतले. चित्र पाहतांच मात्र म्हणाल्या, “तिजोरीवर बसून काय उपयोग? हात खिशांत आहे ना त्याचा!”

दुसरें चित्र हसविणारें नाहीं. त्या १ पौंडाच्या नोटांची नक्कल करणें सोपें होतें. आणि ज्यांनीं पूर्वीं नोट कधीं हाताळलीच नव्हती अशा निरक्षर गरिबांच्या हातीं त्या पडत. खोटी नोट जाणूनबुजून खपविणारास शिक्षा फांशीची. सोन्याची देवघेव बंद असलेल्या काळांत या गुन्ह्यांपायीं ३०० हून अधिक माणसें फांसावर चढलीं. १८१९ च्या आरंभीं जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकारानें व विल्यम होन या पुस्तकविक्रेत्यानें एक नकली नोटच छापून काढली. तिच्यावर पौंडाचें चिन्ह दोराच्या फांसाचें. ओळीनें लटकलेलीं प्रेतें. मुलें खाणारी ब्रिटानिया. आणि बँकेच्या अधिकाऱ्याच्या जागीं सही ‘जे. केच’ याची, म्हणजे इंग्रजांच्या बोलण्यांतील जल्लादाची.

आपल्या या चित्रानेंच फांशी थांबली, असें क्रुकशँक म्हातारपणीं सांगे. हा दावा आम्हांस फुगविलेला वाटतो. त्या शिक्षेविरुद्ध पुष्कळांची खटपट चालू होती. सोन्याची देवघेव १८२१ मध्यें पूर्ववत् झाली, आणि बनावट नोटांबद्दलची देहान्तशिक्षा जावयास १८३२ साल उजाडावें लागलें. पण त्या काळचे बँकेचे कागद आज किती जण उघडून पाहतात? ही नोट हातीं आली तर माणूस प्रथम तिच्यावरचा अंक शोधतो, मग टांगलेलीं माणसें मोजूं लागतो. आमच्या धाकट्या पुतण्यानें तेंच केलें, आणि मोजतां मोजतां, यांत बायकाही आहेत काय, असें त्यानें आत्याबाईंना विचारलें.