पुरलेला आरसा

आवडता आरसा फुटला म्हणून एखादी मुलगी रडली, तर त्यात विशेष काही नाही. ही मुलगी मात्र फुटलेल्या काचा गोळा करते, अंगणात खड्डा खणते, काचा आत ठेवून वर माती लोटते आणि आरशाचं चक्क थडगं करते.

'हिमित्सु नो अक्को-चान' या जपानी ॲनिमे मालिकेची ही सुरुवात. तोएई स्टुडिओची ही मालिका जानेवारी १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत तिचे ९४ भाग झाले. जादूनं रूप पालटणाऱ्या मुलींच्या कितीतरी मालिका पुढे आल्या. त्यांतल्या बऱ्याच मी आवडीनं पाहिल्या. पण त्या अंगणातल्या मातीपाशी जशी अडकले, तशी दुसरीकडे कुठे अडकले नाही.

फुटक्या आरशावरच्या त्या मायेची परतफेड म्हणून आरशाची देवता या मुलीला, अक्कोला, जादूचा कॉम्पॅक्ट देते. बायका पावडरसाठी पर्समध्ये ठेवतात तसला, झाकणाच्या आत आरसा बसवलेला. त्यात पाहून 'तेकुमाकु मायाकोन' म्हणायचं आणि कोण व्हायचंय ते सांगायचं. परत अक्को व्हायचं असेल तर 'रामिपासु, रामिपासु' आणि पुढे जीभ घोळवत नुसतं रुरुरुरुरु. मालिकेच्या मूळ मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, हा कॉम्पॅक्टही नाही आणि हा मंत्रही नाही. तिथे आरशासमोर उभं राहून, जे व्हायचं त्याचं नाव उलट्या अक्षरांत म्हणायचं. मला ते जास्त आवडतं. आरशापुढे बोलायचं तर उलटंच बोलायला हवं, हे लहान मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अक्कोच्या आधी, १९६६ मध्ये, मित्सुतेरु योकोयामांची 'सॅली' दूरचित्रवाणीवर आली होती. ती जादूगारांच्या देशातली राजकन्या. पुढे १९९२ मध्ये नाओको ताकेउचींची सेलर मून आली आणि जगभर गेली. तीही गेल्या जन्मीची चंद्रावरची राजकन्या. या दोघींशी माझं भांडण नाही, सेलर मून तर मला मनापासून आवडते. पण राजकन्या असणं ही काही कुणाची कमाई नसते. अक्को कप्तानाची मुलगी आहे, वडील बोटीवर आणि घरी आई. तिच्या रक्तात काही नाही, पत्रिकेत काही नाही. एका निरुपयोगी झालेल्या वस्तूला तिनं टाकून दिलं नाही, एवढ्यावर तिला सगळं मिळालं. आणि मिळालेल्या जादूनं ती जग वाचवायला निघत नाही. ती बाई होते, नर्स होते, मांजर होते, आळीतल्या पोरांची भांडणं सोडवते, कधी स्वतःच नवा घोळ घालून ठेवते. संध्याकाळच्या जेवणाला पुन्हा अक्को.

निरुपयोगी वस्तूवरची ही माया एकट्या अक्कोची नाही. टोकियोत असाकुसाला सेन्सो-जी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. तिथे दर ८ फेब्रुवारीला बायका वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया घेऊन येतात आणि मऊ तोफूच्या मोठ्या वडीत एकेक करून खोचतात. जाड कापडातून, शिवणीच्या गाठींतून जन्मभर कष्ट केलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, म्हणून. आपणही दसऱ्याला हत्यारं पुजतो, शिवणयंत्राला हळदकुंकू वाहतो, त्याला झेंडूची माळ घालतो. पण पूजा होते ती चालत्या यंत्राची. मोडलेल्याचं काय करायचं, हे आपल्याकडे कुणी ठरवून ठेवलेलं दिसत नाही. आणि फुटका आरसा तर घरात ठेवायचाच नाही.

आजीच्या फणेरपेटीतला आरसा एका पावसाळ्यात तडकला. सागवानी पेटी, झाकण उचलून मागे कलतं ठेवलं की आत आरसा, खाली खण. एका खणात कुंकवाचा करंडा, शेजारी मेणाची डबी, फणी, केसांचं आगवळ. आरशाचा पारा कडांनी आधीच उडाला होता, त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ही चीर. आत्या म्हणाली, "आई, आजच्या आज काढ तो." आजीनं खिळे उचकटले, काच काढली, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून परसात नेली. तिथे तिचं काय केलं, ते मला माहीत नाही. नवी काच बसवायची म्हणून सगळे म्हणत राहिले आणि ती काही बसली नाही. आजी रोज न्हाऊन आली की पेटी पुढ्यात ओढायची, झाकण उघडून कलतं करायची, आणि त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत बोटानं कपाळावर मेण टेकवायची. मग कुंकू. गोल, कपाळाच्या नेमकं मधोमध, बंद्या रुपयाएवढं. मान किंचित डावीकडे, मग उजवीकडे, आणि झाकण बंद. मी पाटावर शेजारी बसून पाहायची. ती चौकटीत काय बघते, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही.

अक्कोला ज्यानं कागदावर उतरवलं, त्याचं नाव फुजिओ अकात्सुका. जपानमध्ये त्यांना विनोदाचा राजा म्हणतात. त्यांचा जन्म १९३५ चा, आणि तो जपानमधला नव्हे. मांचुरियात, चीनच्या त्या भागात जपाननं बळानं उभ्या केलेल्या राज्यात. वडील तिथे पोलिसात होते. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान हरला, तेव्हा हे कुटुंब आज शेनयांग म्हणतात त्या शहरात होतं. एका रात्रीत राज्यकर्ते परके झाले, आणि रस्त्यावर जपानी दिसणं जिवावरचं झालं. अकात्सुकांनी पुढे सांगितलं आहे, की त्या दिवसांत वडिलांच्या हाताखालच्या चिनी माणसानं त्यांना चिनी कपडे घालायला दिले आणि आपल्या घरात लपवलं. तेव्हा फुजिओला दहावं वर्षही पुरं झालं नव्हतं. अंगावरचे कपडे बदलले की आपण दुसरे कुणी होतो, आणि दुसरे कुणी झालो तरच उद्याची सकाळ दिसते, हे त्या मुलाला कुठल्या गोष्टीच्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

वडिलांना सोव्हिएत सैनिक सायबेरियात घेऊन गेले. १९४६ मध्ये आई मुलांना घेऊन बोटीनं जपानला पोचली. धाकटी, तान्ही बहीण तिथे आल्यावर लवकरच गेली. नारा प्रांतातल्या यामातो-कोरियामा या आईच्या गावी ही मंडळी राहिली. तिथे भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात फुजिओच्या हाती चित्रकथाकार ओसामु तेझुकांचं 'लॉस्ट वर्ल्ड' पडलं आणि आपण चित्रकथाच काढायच्या, हे त्यानं ठरवून टाकलं. वडील परतले १९४९ मध्ये. पुढे शिकायला पैसे नव्हते, म्हणून शाळा सुटल्यावर निगाता शहरात पाट्या रंगवायच्या दुकानात काम, मग टोकियोत रसायनांच्या कारखान्यात काम, आणि रात्री चित्रं. १९५६ मध्ये तो तोकिवा-सो या लाकडी चाळवजा इमारतीत राहायला गेला. तेझुका पूर्वी तिथे राहून गेले होते. शोतारो इशिनोमोरी आणि 'फुजिको फुजिओ' या एका नावानं काढणारे दोघे, असे चित्रकथाकार तिथे एकेका खोलीत कागदावर वाकून बसलेले असत. पुढच्या या विनोदाच्या राजाची सुरुवातीची कितीतरी पानं मुलींच्या दुःखी गोष्टींची आहेत. मासिकांना ताटातूट झालेल्या मायलेकींच्या रडकथा हव्या असत. तो त्या काढत होता. त्या रडकथांत खरं किती होतं, ते त्याला ठाऊक होतं.

१९६२ हे त्याचं वर्ष. त्या एका वर्षात त्यानं दोन मालिका सुरू केल्या. मुलांच्या साप्ताहिकात 'ओसोमात्सु-कुन', मुलींच्या 'रिबोन' मासिकात अक्को. पहिलीत सहा भाऊ, एका वेळी जन्मलेले आणि इतके एकसारखे की कोण कुठला हे जन्मदात्रीलाही कळू नये. दुसरीत एकच मुलगी, आणि ती कुणीही होऊ शकते. एका टेबलावर, त्याच टाकानं आणि शाईनं, एकीकडे सहा माणसं मिळून एक चेहरा, दुसरीकडे एका माणसाचे हवे तितके चेहरे. समीक्षक पहिलीवर भरभरून लिहितात आणि अक्कोला मुलींची करमणूक म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. या दोन्ही गोष्टी एका डोक्यातून निघाल्या, आणि ओळख हरवण्याची भीती ज्यानं पाहिली आहे त्याच्याच डोक्यातून त्या निघू शकतात. 'ओसोमात्सु-कुन'मध्ये ती भीती हसून घालवलेली आहे. अक्कोमध्ये तिच्यावर उतारा दिला आहे: कितीही लांब जा, परतायचा मंत्र तुझ्याजवळ आहे.

पुन्हा तेच सेन्सो-जी मंदिर. जिथे सुया तोफूत विसावतात, त्याच आवारात मांचुरियातून परतताना दगावलेल्या आयांची आणि पोरांची आठवण म्हणून बसवलेली जिझोची मूर्ती आहे. जिझो म्हणजे लहान मुलांचा कैवारी बोधिसत्त्व. पोटाशी पोर धरलेल्या आईच्या रूपातल्या या मूर्तीचं रेखाटन तेत्सुया चिबा यांचं. तेही चित्रकथाकार, आणि तेही लहानपणी मांचुरियातूनच आलेले. त्या पिढीतल्या किती चित्रकारांच्या पाठीशी तो प्रवास आहे, हे एकदा लक्षात आलं की त्यांची हसरी पानंही वेगळी वाचली जातात. निदान मी तरी आता वेगळी वाचते.

अक्को पुढे १९८८ मध्ये पुन्हा आली, १९९८ मध्ये पुन्हा आली, २०१२ मध्ये हारुका आयासे हिला घेऊन चित्रपटही निघाला. नव्या मालिकांत रंग झळाळते आहेत, कॉम्पॅक्टही देखणा. १९६९ च्या रेषा त्यांच्यापुढे साध्या वाटतील, हालचाली अडखळत्या वाटतील. तरी घरात आठ-दहा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल आणि जपानी कार्टूनचा हट्ट चालला असेल, तर सेलर मूनच्या आधी हिच्याशी ओळख करून द्या. जपानी कळत नसलं तरी अडत नाही, चित्रं पुरेशी बोलतात. आणि पोरं मंत्र पाठ करून घरभर म्हणत सुटली, तर त्यांना 'रामिपासु'ही नीट पाठ करायला लावा.