मूग, मृदंग आणि मतमाउली

नगरला माणसं थांबतात ती किल्ला बघायला, नाहीतर शिर्डी-शिंगणापूरच्या वाटेवर चहा घ्यायला. कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडी मात्र अजून नगरच आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला मी निघालो तो इथल्या ख्रिस्ती मंडळींच्या गावांतून हिंडायला. भाद्रपदातलं ऊन आणि मधूनच एखादी सर, रस्त्याच्या दुतर्फा बाजरी निसवलेली.

सुरुवात शहरातूनच करायला हवी. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं. स्टेशन रोडवरचं अहमदनगर कॉलेज हे त्याच परंपरेतलं पुढचं पान. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी ते १९४७ साली काढलं. फाटकापाशी मोटरसायकली लावून उभ्या असलेल्या पोरांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, हे ओळखता येत नाही आणि कुणाला त्याची पर्वाही नाही. सिंथिया फॅरार या अमेरिकन बाईंनी मुलींना शिकवलं ते याच शहरात. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे घेतले तेही फॅरारबाईंकडेच. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली निघालं ते नगरमधूनच. महाराष्ट्राच्या शिक्षणाचा आणि छापील मराठीचा इतिहास सांगताना पुण्या-मुंबईत अडकून पडणाऱ्यांनी एकदा या रस्त्यांवरून चालून जावं.

नगरमध्येच कवी ना. वा. टिळकांचा संसार झाला. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या कामाची भूमी हा जिल्हाच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे नगर-राहुरीची मिशनची घरं मराठी वाचकाला आपल्या आजोळासारखी माहीत आहेत. या मिशनच्या छायेत राहूनही टिळकांचा त्याच्याशी एक वाद होता. ख्रिस्त इथल्या माणसाला आपला वाटायचा तर तो अभंगातून, कीर्तनातून यायला हवा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. टिळकांचा हा वाद किती मुरला, ते मला खेड्यांत बघायचं होतं.

रविवारी सकाळी तारकपूर स्टँडवरून गाडी धरली. घोडेगाव मागे पडलं की वडाळा बहिरोबा येतं. गावात बहिरोबा, शेजारी मिशन. रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक १८५७ पासून इथं राहिले. धर्मोपदेशाबरोबर शेतीचे प्रयोग, पक्षी आणि गोगलगायींचा अभ्यास, मराठीत लेखन असा त्यांचा व्याप. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात सापडणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही फेअरबँक आहेत.

जवळच्या एका वाडीतल्या छोट्या चर्चमध्ये उपासनेला बसलो. वर पत्रा, खाली सतरंज्या, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष. पेटी आणि तबला. हातात ‘उपासना संगीत’, पण वयस्क बायांना पुस्तकाची गरज नव्हती. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत गावच्या पाटलाच्या आजारी आईचं नाव घेतलं, पावसाचं नाव घेतलं, दहावीला बसलेल्या पोरांची नावं घेतली. उपासना संपली आणि माणसं उठायच्या ऐवजी पुढं सरकली, कारण आता लिलाव होता.

मुगाची तोडणी नुकतीच झाली होती. नव्या मुगातलं पहिलं पायलीभर धान्य एका म्हातारीनं वेदीपुढं ठेवलं होतं. त्याच्या शेजारी गवारीची जुडी, टोपलीत अंडी आणि पाय बांधलेला एक कोंबडा. कोंबडा मध्येच ओरडला की पोरं खिदळायची. मूग चारशेला निघाला. एकानं पाचशे म्हटलं, दुसऱ्यानं साडेसहाशे. नऊशेला तो एका तरुणाला सुटला. त्यानं पैसे मोजून दिले आणि पायली उचलून परत वेदीपुढं ठेवली. “पुन्हा बोला!” लिलाव पुन्हा चढला. मी शेजारच्या काकांना विचारलं, “बाजारात हा मूग निम्म्यानं मिळेल की.” काका म्हणाले, “आवो, मूग खायाला कोण घेतंय? मंडळीच्या पोरांच्या फीला हाय ह्ये.” हंगामाच्या सणाला मोठा लिलाव होतो, हा आपला सहज, असं त्यांनी वर सांगितलं. वीस-पंचवीस घरांची ती मंडळी. बहुतेकांची शेती कोरडवाहू, निम्मे दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारे.

दुपारी कीर्तन झालं. उभ्यानं, हातात चिपळ्या, मागं टाळ-मृदंग, आख्यान उधळ्या पुत्राचं. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची ही रीत एकोणिसाव्या शतकातच रुजली. कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ती वाढवली. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे इथून हाकेवर. बांधावर बसून ऐकणाऱ्यांत बुक्का लावलेले दोघं माळकरीही होते. नगरात जन्मलेले शाहू मोडक ख्रिस्ती घरातले, आणि १९४० च्या चित्रपटात संत ज्ञानेश्वर झाले तेच. या भागात हे कुणाला अचंब्याचं वाटत नाही.

पुढचा मुक्काम श्रीरामपूरजवळचं हरेगाव. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याची ही वसाहत. कारखाना कधीच बंद पडला, मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा मात्र वाढत गेली. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, त्याच्या सुमारास इथं माणसांचा पूर येतो. आधीचे नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, मग मराठी मिस्सा. रस्त्याला पाळणे, भेळ-जिलेबीची दुकानं, मेणबत्त्यांचे ढीग. नवसाला आलेल्या एका बाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “माउली सगळ्यांची असती.” रांगेत तिच्यापुढं नन होत्या आणि मागं ऊसतोडीच्या टोळीतलं अख्खं कुटुंब.

इथेच चर्चच्या अंगणात काही तरुणांशी बोलणं झालं आणि यात्रेच्या झगमगाटाखालचं दुखणं वर आलं. या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजातले. जातीचा काच सुटावा म्हणून पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. “गावकीत जात विचारतात, तहसीलात म्हणतात तुम्हाला जात नाही,” एक जण म्हणाला. मंडळीच्या आतही सगळं आलबेल नाही. जमिनींचे वाद, कमिट्यांच्या निवडणुका, कोर्टाच्या तारखा यांत जाणारी ताकद त्यांनी न लपवता सांगितली.

शेवटी जामखेडला गेलो. जिल्ह्याचं हे पार दुसरं टोक, दुष्काळी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली इथं आलं. गावातल्याच बायांना, त्यांत कित्येक दलित आणि निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका केलं. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्या हातून सवर्ण घरांतली बाळंतपणं होऊ लागली. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरातले डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. आरोळ्यांनी श्रद्धा कधी लपवली नाही, आणि दवाखान्यात येणाऱ्याला त्याची श्रद्धा कधी विचारली नाही.

हा जिल्हा फिरल्यावर माझं मत पक्कं झालं. चर्च जिथं कुंपणापलीकडं गेलं, गावच्या सुगीत, आजारपणात, शाळेत आणि कीर्तनात शिरलं, तिथं ते तगलं. जिथं आवाराच्या आत मालमत्तेची मोजदाद करत बसलं, तिथं खंगलं. टिळकांना जे हवं होतं, त्याचा मोठा भाग वाडीवस्तीवरच्या गरीब मंडळींनी करून दाखवलाय. नगरला जाल तेव्हा किल्ला जरूर पाहा, पण रविवार हाताशी असेल तर एखाद्या वाडीतल्या उपासनेला जा. जाताना सुटे पैसे घ्या. लिलावात बोली लावावीशी वाटेल.