उभे राहायला जागा

उचलणाऱ्याचे कौतुक सर्वांस असते. टेकू देणाऱ्याची आठवण क्वचितच कोणी ठेवतो. गोवर्धन पर्वत श्रीकृष्णाने करंगळीवर उचलला हे लहान मूलही सांगेल. पण त्या पर्वतास आपापल्या काठ्या लावून उभे राहिलेले गोप मात्र थट्टेचाच विषय होऊन बसले आहेत. आम्हीही आयुष्याची सत्तावन्न वर्षे त्या गोपांस हसत आलो. गेल्या श्रावणात आमचे ते हसू मावळले, आणि त्यास कारण झाली एक मोटारसायकल.

ही मोटारसायकल आमच्या चिरंजीवांची. नोकरीनिमित्त परदेशी जाताना त्यांनी आपली लाडकी बुलेट आमच्या स्वाधीन केली आणि बजावले, "बाबा, पावसाळ्यात चेनला गंज धरू देऊ नका." कर्जतचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्यास या सूचनेचे गांभीर्य सांगावयास नको. चेन पुसावयाची तर मागचे चाक मोकळे फिरले पाहिजे, आणि त्यासाठी गाडी डबल स्टँडवर चढविली पाहिजे. गाडीचे वजन सुमारे १९० किलो. म्हणजे भाताची दोन मोठी पोतीच. तथापि महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या मनुष्याने अशा कामासाठी शेजाऱ्यास हाक मारावी, हे आमच्या मनास पटेना.

चार दिवसांच्या झडीनंतर एके सकाळी ऊन पडले. आम्ही धोतर खोचून अंगणात उतरलो, कॅरिअर दोन्ही हातांनी धरला आणि गाडी वर ओढली. दोनदा कंबरेत कळ आली. तिसऱ्या खेपेस गाडी चढली. त्या क्षणी आम्हांस जो अभिमान वाटला तो पदवीदान समारंभातही वाटला नव्हता. आजोळी आलेला आमचा तीन वर्षांचा नातू गाडीच्या पलीकडच्या अंगास बसून ते अधांतरी चाक हाताने फिरवू लागला, आणि आम्ही अलीकडे बसून चेन पुसू लागलो. इतक्यात आतून त्याच्या आजीने मऊभातासाठी हाक मारली आणि तो पळाला.

तो उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोच स्टँडचा पलीकडचा पाय ओल्या मातीत रुतला आणि गाडी कलली. आम्ही तिला सावरावयास हात पुढे केला. दोन पोत्यांच्या वजनास प्राध्यापकाच्या मनगटाचा काय आधार मिळणार! मनगट मुरगळले, आणि नातू जेथे बसला होता नेमक्या त्याच जागी गाडी आडवी झाली. पेट्रोलचा वास सुटला. आम्ही पायरीवर बसलो, आणि बराच वेळ आमच्याने उठवेना. पत्नीने विचारले, "अहो, फार लागले का?" आम्ही "नाही" म्हणालो. मनात काय आले होते ते तिला आजतागायत सांगितलेले नाही.

दुपारी खालापूरहून एक मेकॅनिक आला. हा आमचा जुना विद्यार्थी. आमच्याच विषयात आम्ही त्यास दोनदा नापास केले होते. त्याने गाडीकडे पाहण्यापूर्वी जमिनीकडे पाहिले. पायाच्या अंगठ्याने माती दाबून तो म्हणाला, "सर, चूक गाडीची नाही. जागेची आहे."

मग त्याने आमचा वर्ग घेतला. प्रथम किल्ली बंद केली आणि गाडी गिअरमध्ये टाकली. ती उजव्या अंगावर पडली होती, म्हणून डावीकडचा साइड स्टँड आधीच उघडून ठेवला; नाहीतर उचललेली गाडी तशीच दुसऱ्या अंगास जाते. मग तिच्याकडे पाठ करून तो खाली बसला, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची दांडी धरली, आणि कंबर न वाकविता केवळ पायांच्या जोरावर मागे मागे सरकत तिला उभी केली. पुढे गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन पडवीलगतच्या सपाट जागी नेली आणि स्टँडखाली येईल अशी एक जाड, रुंद फळी घातली.

"आता सर, तुम्ही. डावा हात हँडलवर, उजवा मागे. पायाने स्टँड दाबा. त्याचे दोन्ही पाय फळीला एकदम टेकले पाहिजेत. टेकले? आता ओढू नका. नुसते त्याच्यावर उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. गाडी निमूटपणे मागे सरकून वर चढली. मनगटास काही कळलेही नाही. त्याने पुढच्या चाकास लाकडी ठोकळा लावला, पुढच्या ब्रेकची मूठ आवळून रबरी पट्ट्याने बांधली, गाडी हलकेच हलवून पाहिली आणि मगच आम्हांस चेनला हात लावू दिला. एंजिन बंदच ठेवावयाचे, चाक हाताने फिरवावयाचे, बोटे दातेरी चक्राजवळ न्यावयाची नाहीत, आणि जवळ मूल नको. पुढचे चाक उचलण्याचा मोह झाला तर जॅक मजबूत चौकटीखालीच लावावयाचा. सायलेन्सरखाली किंवा तेलाच्या चेंबरखाली कधीच नव्हे. "आणि सर, गाडी पडू लागली तर पडू द्या. बाजूला व्हा. गाडी दुरुस्त होते."

मिळाली तर तरफ आणि उभे राहावयास जागा मिळावी, मग आपण पृथ्वीही हलवू, असे आर्किमिडीज म्हणाल्याची आख्यायिका आम्ही दरवर्षी वर्गात सांगत आलो. फळ्यावर तरफ काढली, टेकू काढला, बळाचे बाण काढले. जागा मात्र कधी काढली नाही. ती असतेच असे आम्ही धरून चाललो होतो.

हल्ली संध्याकाळी आम्ही स्टेशनावर जाऊन बसतो. पुण्याकडे निघालेल्या अनेक गाड्यांना येथे मागून जादा एंजिने जोडतात. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ फुटांमागे एक फूट असा चढ आहे. पुढच्या एंजिनाच्या ओढीस मागचा रेटा लागतोच. प्रवाशांना मात्र कर्जत आठवते ते बटाटेवड्यासाठी. पूर्वी आम्हीही त्यांच्यातलेच होतो.

त्या मेकॅनिकने जाताना मजुरी घेतली नाही. त्याचे गुण परत द्यावयाची सोय आमच्यापाशी नव्हती. स्टँडचे पाय कोठे यावेत हे दाखविण्यासाठी त्याने फळीवर खडूने दोन खुणा केल्या होत्या. पावसाने त्या पुसल्या की आम्ही त्या पुन्हा काढतो.