बदलीत न येणारी वस्तू

सरकारी नोकरीत तेरा वर्षे काढल्यावर माणसाला वस्तूंकडे पाहण्याची एक वेगळीच दृष्टी येते. बाजारात एखादी वस्तू मनात भरली, की इतरेजन विचारतात, "केवढ्याला?" आम्ही विचारतो, "बदलीत येईल का?" या एका प्रश्नाच्या चाळणीतून आमचा सारा संसार गाळून निघालेला आहे. आमची खाट घडीची, आमची मांडणी नटबोल्टची. टी. व्ही., मिक्सर आणि शिवणयंत्र ज्या खोक्यांतून घरी आले, ती खोकी आतल्या थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवलेली. भिंतीत खिळा ठोकताना आमचा हात अडखळतो. उद्या तो उपटून भोक बुजवावे लागणार, हे त्याला आधीच ठाऊक असते. आमच्या मातोश्रींची तुळस तर आजवर जमिनीत लागलीच नाही. ती तेलाच्या डब्यात वाढते, आणि जबलपूरहून सिकंदराबादला व सिकंदराबादहून बंगळूरला ती आगगाडीतून त्यांच्या मांडीवर बसून आली.

या दृष्टीला सरकारचेही उत्तेजन आहे. 2017 च्या आदेशाप्रमाणे आमच्यासारख्या चौथ्या वेतनस्तरातील कर्मचाऱ्याने बदलीच्या वेळी सरकारी खर्चाने 1,500 किलो सामान न्यावे आणि वर एक दुचाकी न्यावी. मोटार नेण्याचा हक्क सहाव्या वेतनस्तरापासून पुढे. मोटार घेण्यासाठी पूर्वी सरकारकडून आगाऊ रक्कम मिळत असे, तीही 2016 साली बंद झाली. तेव्हा मोटार ही वस्तू आपल्या इयत्तेतली नव्हे, हे आम्ही केव्हाच ठरवून टाकले होते, आणि त्याचे आम्हांला फारसे दुःखही नव्हते.

अशा आम्ही गेल्या पौषात एक मोटार विकत घेतली. तीही जुनी, उघड्या टपाची आणि अवघ्या दोन आसनांची. घरात माणसे चार! आमच्या हातून हे घडले कसे, याचा जबाब आमच्यासारख्याच परमुलखी पडलेल्या वाचकांपुढे देणे आम्हांला आवश्यक वाटते.

मल्लेश्वरमच्या ज्या गल्लीतून आम्ही रोज कचेरीच्या बसकडे जातो, तिथल्या एका बंगलीच्या आवारात ताडपत्रीखाली काही ठेंगणे झाकलेले असे. दोन वर्षे आम्ही ते एखादे मोडके यंत्र समजत होतो. एके दिवशी ताडपत्री दूर झालेली दिसली आणि एक वृद्ध गृहस्थ एका लालभडक, बुटक्या मोटारीला ओल्या फडक्याने पुसताना आढळले. आम्ही थबकलो. हिंदी चित्रपटातला नायक जिच्यात बसून घाट चढतो आणि गळ्यातला रुमाल वाऱ्यावर सोडतो, त्या जातीची ती मोटार होती.

उघड्या टपाची, दोनच आसनांची आणि तरीही मध्यम मिळकतीच्या माणसाला परवडेल अशी मोटार काढण्याचा उद्योग इंग्रजांनी मोठ्या हौसेने केला. त्यांची एम. जी. बी. 1962 पासून 1980 पर्यंत निघत होती आणि तिचा आकडा पाच लाखांपलीकडे गेला. पुढे तोच वसा जपानने उचलला. 1989 साली अवतरलेल्या माझ्दाच्या एम. एक्स.-5 या मोटारीने 2016 साली दहा लाखांचा पल्ला गाठला. आपल्या देशात मात्र या वाटेला फार थोडे गेले. त्या थोड्यांतली एक म्हणजे 1998 साली गोव्यातून बाहेर पडलेली सॅन स्टॉर्म. तिचे अंग फायबरग्लासचे; इंजिन रेनो या फ्रेंच कारखान्याचे, 1149 घनसेंटिमीटरचे आणि 60 अश्वशक्तीचे. हा आकडा काही छाती दडपवणारा नव्हे. पण मोटार इतकी हलकी आणि इतकी जमिनीलगत, की तिच्यात बसल्यावर तीस मैलांचा वेगही साठाचा भासतो. तिचे उत्पादन आता थांबले आहे. ही विशिष्ट मोटार 2003 सालची होती.

"विकायची आहे," ते गृहस्थ आम्ही न विचारताच म्हणाले. एका सार्वजनिक उपक्रमातून ते अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. इतकी जपलेली वस्तू का विकता, असे आम्ही विचारताच त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे बोट दाखविले. "हिच्यात अजून बसता येतं. उठता येत नाही."

त्यांनी दोन लाख चाळीस हजार सांगितले. आम्ही हसून नमस्कार केला आणि बस गाठली. पण त्या दिवशी एका टिपणीत आम्ही तीनदा तारीख चुकविली.

पुण्यात सदनिका घ्यावी म्हणून आम्ही एक रक्कम बाजूला ठेवत आलो आहो. ती दरवर्षी वाढते, आणि सदनिकेची किंमत तिच्यापुढे दरवर्षी दोन पावले पळते. त्या रकमेतून मोटार घेणे हे पाप आहे, हे आम्हांला समजत होते; म्हणूनच आठ दिवसांनी जेवणे आटोपल्यावर आम्ही सौ.पुढे विषय काढला तो, आमचा कोणीतरी स्नेही असा वेडेपणा करू पाहतो आहे, अशा थाटात. तिने भांडी विसळता विसळता सारे ऐकून घेतले. किंमत विचारली नाही, आसने विचारली नाहीत. फक्त म्हणाली, "बदलीत येईल का?"

आमचाच प्रश्न आमच्यावर उलटला होता. आम्ही प्रामाणिकपणे म्हणालो, "नाही येणार." आणि मग कारणांची यादी दिली. सरकार ती नेणार नाही. नेली तरी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक ठेवायची तर तिथे पुन्हा नोंदवावी लागेल, त्यासाठी इथल्या परिवहन कचेरीचा ना-हरकत दाखला लागेल, तिथला कर पुन्हा भरावा लागेल. आमची यादी संपेपर्यंत सौ. थांबली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "जबलपूरची माझी शाळा बदलीत आली नाही. सिकंदराबादची आली नाही. मग एवढी एक मोटारच कशाला यायला हवी? घ्या ती."

यावर काय बोलावे, ते आम्हांला सुचले नाही. दोन गावी तिने शिक्षिकेची नोकरी धरली होती आणि दोन्ही गावी आमच्या आदेशाच्या कागदाने ती सुटली होती. तिसऱ्या गावी तिने अर्जच केला नव्हता. चाळणी आमची, पण तिच्यातून खाली पडले ते सारे तिचे, हे इतक्या वर्षांत आम्ही कधी मांडून पाहिले नव्हते. "आमचे बिऱ्हाड हलले" असे आम्ही पत्रांतून लिहीत आलो. त्या 'आमचे'मध्ये कोणाचे काय मागे राहिले, याची नोंद कोणत्याही सामानाच्या यादीत नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही शिवाजीनगरचा एक मिस्त्री घेऊन मोटार पाहायला गेलो. फायबरग्लासला गंज चढत नाही, त्यामुळे असल्या मोटारीचा रंग पाहून भुलणाऱ्याची फसगत होते. गंजते ती आतली पोलादी चौकट. मिस्त्री पोटावर आडवा झाला आणि टेंभा लावून त्याने चौकटीचे सांधे ठोकून पाहिले. अंगावर केसाएवढ्या रेषा उमटल्या आहेत का, ते त्याने उन्हात तिरपे बघून तपासले. मग त्याने बादलीभर पाणी मागवून ते बंद टपावर ओतले आणि आम्हांला आत बसविले. दोन थेंब आमच्या डाव्या खांद्यावर पडले. वीस वर्षांच्या रबराने याहून किती निष्ठा दाखवावी? सुटे भाग मिळायला कठीण, हे मिस्त्रीने तीनदा बजावले. मोटारीचा चौकट-क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून झाला, कोणाचा बोजा नाही याची खात्री झाली. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावरचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण 2028 पर्यंत पोचले होते. दोन लाख दहा हजारांवर सौदा ठरला, 29 आणि 30 क्रमांकाच्या नमुन्यांवर सह्या झाल्या, आणि त्या गृहस्थांनी किल्ली देताना तोंड दुसरीकडे वळविले.

कचेरीत 1964 च्या वर्तणूक नियमांतील अठराव्या नियमाचे सोपस्कार होते. दोन महिन्यांच्या मूळ वेतनाहून अधिक किमतीची जंगम वस्तू घेतली, तर ते महिन्याच्या आत कळवावे लागते. पैसा कुठून आणला, विकणाऱ्याशी आपले नाते काय, त्याच्याशी सरकारी कामाचा संबंध आला होता काय, हे सारे त्या नमुन्यात विचारलेले असते. वस्तू कशाला घेतली, हे कोणी विचारीत नाही, ही सरकारची कृपाच म्हणायची. आमच्या अधीक्षकांनी मात्र कागद वाचून चष्मा वर केला. "दोनच आसने? आणि कुटुंब चौघांचे? मग निदान भारत मालिकेचा क्रमांक तरी घ्या. 2021 साली ती मालिका तुमच्या-आमच्यासारख्यांसाठीच निघाली, आणि 2022 च्या डिसेंबरपासून जुन्या गाड्यांनाही मिळते. कुठेही बदली होऊ द्या, पुन्हा नोंदणी नको." सल्ला शहाणपणाचा होता. पण आम्ही तो घेतला नाही. मोटारीच्या पाठीवर कर्नाटकाची अक्षरे होती, ती तशीच राहू दिली.

पहिल्या सफरीला बरोबर कोणी यायचे, हा प्रश्न घरात गाजला. अकरा वर्षांच्या कन्येने हक्क सांगितला. मातोश्री म्हणाल्या, "मला त्या खड्ड्यात उतरवायला दोर लागेल, तुम्हीच जा." शेवटी कन्येला वसाहतीभोवती दोन फेऱ्या मिळाल्या, आणि एका रविवारी पहाटे आम्ही उभयता नंदी टेकडीच्या वाटेला लागलो.

टप उघडे होते. थंडी झोंबत होती. मोटारींच्या चाकांएवढ्या उंचीवरून जग पाहताना शेजारचे ट्रक देवळांसारखे दिसत. टेकडीच्या पायथ्याशी द्राक्षांच्या मळ्यांवर धुके होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत आम्ही दोघेच असे कुठे गेलो नव्हतो. मागे कोणी नव्हते, कारण मागे आसनच नव्हते. माथ्यावर चहा घेतल्यावर सौ. म्हणाली, "एक सांगायचं होतं. इथल्या शाळेत मी अर्ज केला होता. जूनपासून बोलावलंय."

आम्ही आनंद व्यक्त केला.

"पुरतं ऐका. मधेच तुमची बदली आली, तर मी वर्ष अर्धवट सोडणार नाही. तुम्ही पुढे जा. आम्ही तिघी मागून येऊ, वर्ष संपल्यावर. कदाचित त्याच्या पुढच्याही वर्षी."

त्या 'आम्ही'त आम्ही नव्हतो. उतारावर बराच वेळ आम्ही गप्प होतो. राग आला नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पण जो माणूस दोन लाख दहा हजारांची न येणारी वस्तू हौसेने विकत घेतो, त्याला दुसऱ्याच्या न येण्यावर हरकत घेण्याचा अधिकार कोणत्या नियमाखाली पोचतो, ते आम्हांला शोधूनही सापडले नाही. देवनहळ्ळीच्या अलीकडे आम्ही म्हणालो, "बरं." तिने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि मांडीवर घडी करून ठेवला.

यंदाची बदल्यांची यादी अजून लागलेली नाही. दरम्यान घरात एक अडचण उभी राहिली. मोटारीबरोबर एक कडक, सुटे टपही आले होते. पावसाळ्यात ते चढवायचे आणि एरवी काढून ठेवायचे. ते ठेवायला वसाहतीत जागा कुठली? माळ्यावर होती, पण तिथे खोकी होती. दोन दिवस विचार करून आम्ही रद्दीवाल्याला हाक मारली. तेरा वर्षांच्या खोक्यांचे त्याने चाळीस रुपये दिले आणि थर्माकोल फुकट नेला.

मातोश्री दारात उभ्या राहून हे पाहत होत्या. "आणि बदली आली म्हणजे टी. व्ही. कशात घालायचा रे?"

"तेव्हाचं तेव्हा पाहू, आई," सौ. आतून म्हणाली.

मातोश्री थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "खाली जिन्याजवळ मोकळी माती आहे, ती सरकारी असेल ना? तिथं तुळस लावलेली चालते का?"

नियम पाहून सांगतो, असे आम्ही म्हणालो. पण तोवर त्या खुरपे शोधायला लागल्या होत्या.