नडगी, टाच आणि भरतीची घाई

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की सातपुड्यातल्या अक्कलकुव्यात पहाटे रस्त्यांवर पाय वाजू लागतात. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रकची वर्दळ असते, म्हणून आमची पोरं मोलगीच्या रस्त्याला वळतात. कुणी डाबच्या पठारावरचा, कुणी काठीचा, कुणी थेट नर्मदेकाठच्या मणिबेलीकडचा. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक एवढ्यावर त्यांच्या घराचं पुढचं बरंच काही ठरायचं असतं. मी त्यांना शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्याकडे साधनं फारशी नाहीत, त्यामुळे तयारी अंगाच्या वजनावरच चालते: दंड, बैठका, सपाट्या, उड्या, आंब्याच्या फांदीला लोंबकळणं.

दर भरतीला एक गोष्ट ठरलेली असायची. पहिले काही आठवडे झाले की दम वाढायचा, वेळ कमी व्हायची, पोरांच्या चेहऱ्यावर हुरूप यायचा, आणि नेमकी तेव्हाच एकेक जण लंगडू लागायचा. कुणाची नडगी, कुणाची टाच, कुणाची घोट्यामागची शीर. मोलगीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरचा एक मुलगा होता. धावायला लागला की नजर ठरू नये असा. तो एक दिवस म्हणाला, “सर, पळताना एवढं नाही जाणवत. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलंच टाकवत नाहीत.”

त्याला घेऊन मी नंदुरबारला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी त्याच्या पायाची बोटं वर वळवली आणि टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला. पोरगा टेबलावरून उठलाच. “स्नायू चांगलेच आहेत याचे,” बाई म्हणाल्या, “तळव्याचा फॅशिया दुखावलाय.” बोटं वर वळवलेलीच ठेवून त्यांनी मला तळव्यावरून बोट फिरवायला सांगितलं. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत कातडीखाली एक ताणलेली पट्टी स्पष्ट लागत होती. बोटं सोडली की ती सैल पडायची, कमान खाली यायची. बोटं वळवली की पट्टी ताठ, कमान उंच. चालताना टाच उचलली जाते तेव्हा प्रत्येक पावलाला हेच होतं. इतकी वर्षं पोरांना पळवतोय, पण ही पट्टी बोटाखाली मी पहिल्यांदा अनुभवली, आणि तेव्हापासून या विषयाने मला सोडलेलं नाही.

आमच्या भागात फॅशिया दाखवायला पुस्तक लागत नाही. बोकड सोलताना कातडी आणि मांस यांच्यामध्ये जो पांढरा, ओलसर पापुद्रा सुरीला चिकटतो, तोच हा. मांडीचं मांस वेगळं करताना दोन स्नायूंमध्ये बोट घातलं की ते सरकत आत जातं. तिथेही तोच पातळ पडदा, आणि पाठीवर तर तो चकचकीत, जाड, सुरीला दाद न देणारा. माणसाच्या अंगातही तो असाच सगळीकडे आहे. प्रत्येक स्नायूभोवती, स्नायूतल्या प्रत्येक जुडीभोवती, हाडांवर, आतड्यांभोवती. मुख्यतः कोलॅजेनचे धागे, आणि थरांच्या मध्ये ते एकमेकांवर सरकावेत म्हणून बुळबुळीत द्रव. त्यात मज्जातंतूंची टोकंही भरपूर असतात, म्हणून तो दुखावला की दुखणं लपत नाही.

पोरांना मी खाटेचं उदाहरण देतो. सुंभाने विणलेल्या बाजेवर एका कोपऱ्यात बसलं तरी ताण समोरच्या कोपऱ्यापर्यंत जातो. एक दोर तुटला की लांबची वीणही झोळ धरते. कमरेच्या मागे फॅशियाचा जो मोठा जाड पट्टा आहे, त्याचा डच संशोधक आंद्री फ्लेमिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत शरीरांवर अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की एका बाजूचा पाठीचा रुंद स्नायू आणि विरुद्ध बाजूचा नितंबाचा स्नायू या पट्ट्यातून एकमेकांशी जोडलेले आहेत आणि ताण मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो. हे वाचलं आणि मला लाकूड फोडणारा माणूस डोळ्यांसमोर आला. कुऱ्हाड उजव्या खांद्यावरून येते तेव्हा डावा पाय जमिनीत रोवलेला असतो. गोळा फेकणाऱ्याला नुसता दंड फुगवून भागत नाही, त्याचं कारण हेच. गोळा पायापासून निघतो.

धावण्याचं गणित तर याहून सुंदर आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की धावताना प्रत्येक पावलाला जी ऊर्जा शरीर गमावतं आणि पुन्हा मिळवतं, तिच्यापैकी सुमारे ३५ टक्के घोट्यामागच्या कंडरेत (पोरं जिला शीर म्हणतात) आणि सुमारे १७ टक्के तळव्याच्या कमानीत ताणाच्या रूपाने साठते. पाय उचलताना ती बहुतेक परत मिळते. म्हणजे चांगला धावणारा प्रत्येक पावलाला नवा जोर लावत नसतो. पोटरीचा स्नायू कंडरेचं वरचं टोक घट्ट धरून ठेवतो, आणि ताणणं-उसळणं कंडरा करते.

मग डोंगरात वाढलेल्या पोरांच्या टाचा का दुखाव्यात? मला वाटतं, डोंगर पायाला सारखं वेगवेगळं काम देतो. चढ, उतार, गोटे, शेताचा बांध, चिखल. दोन पावलं एकसारखी पडत नाहीत. पण पोरं शिकायला खाली येतात, वसतिगृहात राहतात, बाकावर बसतात, आणि मग एक दिवस जाहिरात निघते. डांबरी रस्ता, नवे बूट, तेच पाऊल हजारो वेळा, तेही रोज. दम आणि स्नायू काही आठवड्यांत साथ देतात. कोलॅजेनला मात्र महिने लागतात. कोपनहेगनचे मायकल क्येर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंडरेवर बरीच वर्षं काम केलं आहे. जोराच्या व्यायामानंतर कोलॅजेन तयार होणं आणि मोडणं दोन्ही वाढतं. पहिला साधारण दीड दिवस मोडण्याचं पारडं जड असतं, बांधणी त्यानंतर वरचढ होते. रोज पहाटे तोच रस्ता पळणाऱ्या पोराला बांधणीचा तो दुसरा दिवस कधी मिळतच नाही. स्नायू पुढे निघून जातो, त्याला धरून ठेवणारी वीण मागे राहते.

त्याच वर्षी मी काठीच्या राजवाडी होळीला गेलो होतो. आधीही गेलो होतो, पण या वेळी नजर पायांवर होती. होळीत नाचणाऱ्या बुध्यांच्या अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. ढोल रात्रभर वाजत होता आणि ते रात्रभर नाचत होते. ढोलाच्या ठोक्याला सगळ्यांची घुंगरं एकदम वाजत. उडी लहान, वीतभरसुद्धा नाही. टाच जमिनीला जेमतेम टेकते न टेकते तोच पाय वर. गुडघे मऊ, कंबर सैल, मान स्थिर. एवढं ओझं बांधून पहाटेपर्यंत तीच उसळी टिकवायची तर ती ताकदीच्या बळावर टिकणार नाही. कंडरांचा आणि तळव्यांचा कस लागतो, आणि ठेक्याचाही. ठेका चुकला की साठलेला ताण वाया जातो आणि स्नायूला पदरचं घालावं लागतं.

नंतर मैदानावर मी ढोल आणवला. एका पोराला वाजवायला बसवायचं आणि बाकीच्यांनी अनवाणी, मऊ मातीवर, ठेक्याला धरून घोट्यातून छोट्या उड्या मारायच्या. सुरुवातीला अगदी थोड्या. एक दिवस उड्या, दुसऱ्या दिवशी लोंबकळणं, सपाट्या, उकिडवं बसून चालणं. सपाटी मला साध्या दंडापेक्षा आवडते, कारण तिच्यात अंग मागून पुढे लाटेसारखं जातं आणि टाचेपासून खांद्यापर्यंत काहीच सुटं राहत नाही. आपल्या आखाड्यांनी ही गोष्ट हाडामांसात जपली आहे. मल्लखांबावर तर शरीराच्या एका टोकाची पकड दुसऱ्या टोकाला तोलते.

टाच दुखणाऱ्या मुलाला बाईंनी वेगळा व्यायाम दिला होता. पायरीच्या कडेवर एका पायाने उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या व्यायामाने तीन महिन्यांनी नुसत्या ताणण्याच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडल्याचं दिसलं. गुंडाळीने बोटं वर वळतात, पट्टी ताणली जाते, आणि त्या ताणात तिच्यावर अंगाचं पूर्ण वजन येतं. पोरगा वसतिगृहाच्या पायरीवर इमानाने ते करत राहिला. दुखणं हळूहळू गेलं. त्या भरतीत तो उतरला नाही. त्याला थांबवताना मला वाईट वाटलं, त्याच्या बापाला समजावताना त्याहून जास्त.

फॅशियाच्या नावावर सध्या बरंच काही खपवलं जातं, त्याबद्दलही बोललं पाहिजे. रबरी रूळ अंगावर फिरवून फॅशिया “मोकळा” होतो, गाठी “फुटतात”, असं पोरं मोबाइलवर बघून येतात. २००८ मध्ये गणिताने तपासलं गेलं तेव्हा दिसलं की तळव्याचा किंवा मांडीच्या बाहेरचा जाड फॅशिया हाताच्या दाबाने बदलायचा तर माणसाला सोसणार नाही इतका जोर लागेल. रूळ फिरवल्यावर बरं वाटतं ते खरं, पण त्याचं श्रेय बहुधा मज्जासंस्थेला जातं. टॉमस मायर्स यांनी २००१ मधल्या पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंतच्या ज्या साखळ्या मांडल्या, त्यांतल्या काहींना शवविच्छेदनाचा भक्कम आधार मिळाला आहे, काहींना नाही. ही वीण घडते ती वजन, ताण, ठेका आणि विश्रांती यांनी, आणि या चारही गोष्टी सातपुड्यात फुकट आहेत.

म्हणून आता मी जाहिरातीची वाट बघत नाही. भात कापून झालं की मैदान सुरू. पोरं उन्हाळ्यात आईबापांबरोबर कामाला गुजरातेत जातात, तेव्हाही आठवड्यातून दोनदा उड्या आणि टाचा उचलणं सोडू नका म्हणून सांगतो, कारण महिनोन् महिने जमवलेलं बसून राहिलं की हळूहळू निघून जातं. तो मुलगा पुढच्या भरतीच्या तयारीला लागला आहे, डांबरावर आठवड्यातून तीनच दिवस. चौथ्या दिवसासाठी तो रोज हुज्जत घालतो, आणि मी रोज नाही म्हणतो.