घाट, ट्रेल आणि पावडर

पावडर मेटलर्जीच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "सिंटरिंग म्हणजे काय?" मी म्हणालो, "सर, पावडर गरम केली की चिकटते." सर म्हणाले, "इडलीसारखी?" मी म्हणालो, "हो सर." झालं! ओरल तिथंच संपली आणि मार्क काठावर पडले. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पाच वर्षांनी मिळालं, तेही अमेरिकेतल्या एका डोंगरात कंबरेपर्यंत बर्फात रुतलेलो असताना.

मित्रांनो, माजी विद्यार्थ्यानं अंकासाठी लेख लिहायचा म्हणजे नायगारा, डॉलर आणि 'आईच्या हातची पोळी' एवढे तीन विषय ठरलेले. मी मात्र स्नोमोबाईलवर लिहिणार आहे. पण सुरुवात वाईपासून करावी लागेल.

आमचे आण्णा एसटीत ड्रायव्हर. वाई-महाबळेश्वर रूट, मध्ये पसरणीचा घाट. सकाळी वर, दुपारी खाली, पुन्हा वर. थर्ड इयरच्या सुट्टीत मी घरी गेलो होतो. नुकतंच थिअरी ऑफ मशीन्समध्ये डिफरन्शिअल शिकलेलो, त्यामुळं जगातल्या सगळ्या गाड्यांचं ज्ञान आपल्यालाच आहे अशी हवा डोक्यात होती. जेवताना मी सहज म्हणालो, "आण्णा, इतकी वर्षं तोच घाट, तीच वळणं. कंटाळा नाही येत? हे काय ड्रायव्हिंग झालं, झोपेतसुद्धा जमेल!" आण्णा काही बोलले नाहीत. ताटातली भाकरी संपवली आणि उठले. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की ते बघणं अजून आठवतं.

पुढं एमएससाठी मी मिशिगन राज्याच्या वरच्या टोकाला, होटन नावाच्या गावी गेलो. लेक सुपीरिअरमध्ये घुसलेलं कीविनॉ नावाचं एक द्वीपकल्प आहे, त्यावर हे गाव. हिवाळ्यात थंड वारा सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि जमिनीवर आला की सगळी बर्फ करून टाकतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथं ३९०.४ इंच बर्फ पडला होता. मीटरमध्ये काढा, जवळजवळ दहा! आपल्या हॉस्टेलचे तीन मजले. त्या आकड्याचा उंच फलक हायवेच्या कडेला उभा केला आहे, आणि लोक त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतात.

अशा गावात स्नोमोबाईल म्हणजे आपल्याकडची मोटरसायकल. पुढं दोन स्की, मागं रबरी पट्टा, उजव्या अंगठ्याशी थ्रॉटल, डाव्या हाताला ब्रेक. गिअर नाहीत, ॲक्टिवात असतो तसाच बेल्टचा सीव्हीटी. गावात एक लिफ्ट ब्रिज आहे. हिवाळ्यात जहाजं बंद झाली की त्याचा खालचा मजला स्नोमोबाईलना मोकळा करतात. तुम्ही इथं बाहाची गाडी बांधता तशी तिकडची मुलं 'क्लीन स्नोमोबाईल चॅलेंज'साठी मशीन बांधतात. ही एसएईची स्पर्धा २००० साली सुरू झाली आणि २००३ पासून होटनला भरू लागली. आवाज कमी, धूर कमी, तरीही दम तोच ठेवून दाखवायचा.

या वाहनाच्या जन्माची गोष्टही वेगळी आहे. कॅनडातल्या क्वेबेकचा जोसेफ-आर्मां बोंबार्दिए हा मेकॅनिक. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्यानं गेला, कारण बर्फानं रस्ते बंद होते आणि दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग तो आधीपासून करत होता. त्यानंतर हात धुऊन मागं लागला. १९३७ मध्ये त्यानं पट्ट्याचं पेटंट मिळवलं आणि १९५९ मध्ये छोटी 'स्की-डू' बाजारात आणली. आज ज्याला आपण खेळ म्हणतो, त्याच्या मुळाशी एका बापाचं दुःख आहे.

माझी पहिली राईड ट्रेलवर झाली. जुन्या तांब्याच्या खाणींच्या रेल्वेलाईनवर रूळ काढून हा ट्रेल केलेला. सपाट, रुंद, पाट्या लावलेला. सीटवर बसायचं, वळणावर आतल्या बाजूला झुकायचं. स्कीच्या खालची कार्बाईडची पट्टी बर्फात चावते आणि मशीन रुळावर असल्यासारखं वळतं. ताशी साठ-सत्तर किलोमीटर, दोन्ही बाजूंना झाडं, हँडल गरम. वा! पहिला दिवस स्वर्ग. पाचव्या दिवशी मी लॅबमधल्या मित्राला म्हणालो, "हे तर आमच्या एसटीसारखं झालं. ठरलेला रूट, ठरलेला थांबा." तो हसला आणि मला पावडरचे व्हिडिओ दाखवू लागला. डोंगर, मोकळा उतार, छातीपर्यंत बर्फ आणि त्यातून तरंगत जाणारं मशीन. ठरलं. पुढच्या फेब्रुवारीत चौघं जण ट्रेलर जोडून दोन दिवस गाडी हाकत वायोमिंगला गेलो.

टोगोटी पास. उंची ९,६५८ फूट, म्हणजे पावणेदोन कळसूबाई एकावर एक ठेवल्यासारखं. हवा विरळ, त्यामुळं इंजिनाची पाव ताकद तिथंच गेलेली. भाड्यानं घेतलेली मशीन वेगळीच होती. ट्रेलच्या मशीनचा पट्टा १३७ इंच, याचा १५५; त्यावरचे रबरी दात तिथं सव्वा इंच, इथं अडीच इंचांच्या वर. स्कीमधलं अंतर कमी, म्हणजे मशीन सहज कुशीवर झुकावं.

आमच्या गाईड बाई पन्नाशीच्या, बोलणं मोजकं. त्यांनी प्रत्येकाच्या छातीला बीकन बांधला, पाठीवर फावडं आणि लांब सळई दिली, खांद्याला रेडिओ अडकवला. म्हणाल्या, "दरड कोसळली तर बाहेरून मदत येईपर्यंत वेळ नसतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात तुम्हीच एकमेकांना खणून काढायचं." चढावर एका वेळी एकच जण. झाडाच्या बुंध्याजवळ जायचं नाही, तिथं फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो. उत्तरेला टेटन विल्डरनेस, तिथं इंजिनाला बंदी. आणि शेवटचा नियम, "जोडीदार नजरेआड होता कामा नये." आम्ही माना डोलावल्या, वर्कशॉपच्या सेफ्टीच्या लेक्चरला डोलावतो तशा.

मग तासभर त्यांनी आम्हाला ट्रेलवरच फिरवलं. मला राग आला. एवढ्या लांब येऊन पुन्हा ट्रेल?

अखेर बाईंनी मशीन ट्रेलवरून खाली घातलं आणि आम्हीही घातलं. पुढच्या पाच मिनिटांत ट्रेलवर शिकलेलं सगळं उलटं निघालं! बसायचं नाही, उभं राहायचं. हँडल डावीकडं वळवलं तर मशीन वळतच नाही. स्कीला चावायला कडक बर्फच नाही ना. डावीकडं वळायचं तर डाव्या फळीवर वजन टाकायचं, हँडल चक्क उजवीकडं द्यायचं आणि मशीन अंगावर ओढायचं. मग ते कुशीवर येतं आणि पट्ट्याच्या कडेवर वळतं. वेग कमी झाला की बुडालात. घाबरून थ्रॉटल जास्त दाबला की पट्टा आपल्याच खाली विहीर खणतो. एक गोष्ट मात्र उलट सोपी. या इंजिनाचं पाणी पट्ट्यानं उडवलेल्या बर्फानं थंड होतं, त्यामुळं कडक ट्रेलवर मशीन तापतं आणि पावडरमध्ये गार राहतं. तापतो फक्त माणूस. सकाळभरात मी सात वेळा रुतलो. बाहेर उणे बारा आणि आतला शर्ट घामानं पिळून निघाला.

दुपारी तीनच्या सुमारास कधीतरी जमलं. कसं जमलं ते सांगता येत नाही. सायकल शिकताना बाबांनी मागचा हात कधी सोडला ते कुठं कळतं? आवाज नाही, धक्का नाही, बर्फाचा पिसारा तोंडावर आणि आपण तरंगतोय. एक वळण, दुसरं, तिसरं... डाव्या हाताला खाली एक घळ दिसली. कोऱ्या पानासारखी. एकही खूण नाही. बाई उजवीकडं गेल्या होत्या. मी डावीकडं वळलो.

वीस सेकंद भारी गेली. मग उतार तीव्र झाला, समोर झाडं आली. मी थ्रॉटल सोडला आणि मशीन नाकावर उभं राहून रुतलं. इंजिन बंद. शांतता. मी खाली उडी मारली आणि कंबरेपर्यंत गेलो. तेव्हा हॉस्टेलच्या सवयीनं डोक्यात गणित झालं. मशीन आणि मी मिळून सव्वातीनशे किलो, पण एवढ्या रुंद पट्ट्यावर पसरल्यानं चौरस सेंटीमीटरला पन्नास-साठ ग्रॅमच पडतात. माझ्या दोन बुटांखाली दीडशेच्या वर. म्हणजे मशीनवर होतो तोवर तरंगत होतो. उतरलो तो बुडालो. वर बघितलं तर माझाच एक माग, आणि कोणीच नाही. पहिल्यांदा खरी भीती वाटली. ओरडलो तर आवाज बर्फानं गिळून टाकला. घशाला कोरड पडली. रेडिओवर बोलताना आवाज इतका कापत होता, की मित्राला वाटलं मी जखमी आहे.

अर्ध्या तासानं बाई आल्या. मशीन वरच ठेवून, स्नोशू घालून चालत. मी वेड्यासारखा फावड्यानं खणत होतो आणि दर दोन मिनिटांनी थ्रॉटल मारून आणखी खोल जात होतो. त्यांनी पहिल्यांदा माझ्या जॅकेटला बांधलेली इंजिनची दोरी काढून स्वतःच्या खिशात टाकली. मग आम्ही दोघांनी मिळून मशीनचं तोंड आडवं फिरवलं आणि पुढचा बर्फ पायांनी तुडवायला सुरुवात केली. घळीतून तिरका वर जाणारा, वावभर रुंद पट्टा. तुडवून झाला तसा मी म्हणालो, "आता काढू?" त्या म्हणाल्या, "नाही. थांब." थर्मासमधला चहा ओतला. दिवस उतरत होता, माझे पाय थरथरत होते, आणि या चहा पीत बसल्या! पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाल्या, "आता पाय ठेवून बघ." ठेवला. मघाशी ज्यात गुडघा जात होता, त्यात आता बूटसुद्धा बुडेना.

सिंटरिंग! भट्टी नाही, काही नाही. आपल्याला बर्फ थंड वाटतो, पण त्याच्या स्वतःच्या हिशेबानं तो वितळण्याच्या बिंदूला अगदी लागून असतो. कण दाबून जवळ आणले की ते एकमेकांना सांधले जातात. फक्त वेळ द्यावा लागतो. ट्रेलसुद्धा असाच होतो. रात्री ग्रूमरचे ट्रॅक्टर खळगे छाटतात, भरतात, दाबतात आणि तो पट्टा थंडीत कित्येक तास आळत ठेवावा लागतो. मी ज्याला एसटीचा रूट म्हणून हिणवलं, तो कोणीतरी रोज रात्री जागून घडवलेला होता. आणि पावडरमधून जिवंत बाहेर पडायला शेवटी मला काय करावं लागलं? पन्नास फुटांचा का होईना, ट्रेलच बनवावा लागला.

वर आलो तेव्हा अंधारत होतं. मी माफी मागितली. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सकाळी तुम्हाला ट्रेलवर का फिरवलं माहितीये? कोण अंतर राखतं, कोण वळणावर उजवी कड सोडत नाही, समोरून मशीन आलं की कोण हातानं खूण करतं आणि मागं वळून जोडीदाराला बघतं, हे मी पाहत होते. पावडर कुणालाही शिकवता येते. मागं वळून बघणं शिकवता येत नाही. तू सकाळी बघत होतास. तीन वाजता विसरलास." मी गप्प. कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री नऊला घरी फोन लावला. वाईत सकाळचे साडेनऊ. आईशी बोलून झाल्यावर म्हटलं, आण्णांना द्या. सगळं सांगितलं, घाबरलो होतो हेही सांगितलं. मग म्हणालो, "आण्णा, मागं जेवताना मी तुम्हाला घाटाबद्दल बोललो होतो..."

पलीकडं जरा वेळ काहीच नाही. मग हसल्याचा आवाज आला.

"आरं, घाट रोज तोच आस्तो आसं तुला कुणी सांगितलं? आषाढात धुक्यात बोनेट दिसत न्हाई. थंडीत स्ट्रॉबेरीच्या जीपा अंगावर येत्यात. मे महिन्यात मुंबैच्या गाड्या मधीच थांबून फोटू काढत्यात. आन् मागं पन्नास माणसं झोपलेली. ती झोपली म्हंजे आपलं काम चांगलं चाललंय म्हणायचं. तू म्हनला झोपेत जमंल, तवा मनात आलं, ह्यो झोपला म्हणूनच आसं बोलतोय. लहानपणी माझ्याच गाडीत झोपायचास की."

मला पुढं काही बोलता आलं नाही. कार्डावरची मिनिटं संपली असं खोटंच सांगून फोन ठेवला.

त्यानंतर मी दोन्हीकडं फिरलो. पावडरची मजा ट्रेलवर नाही, हे खरंच आहे. ते तरंगणं अजून स्वप्नात येतं. पण ट्रेलवर आता कंटाळा येत नाही. सकाळी गुळगुळीत असणारा ट्रेल दुपारी खळग्यांनी भरतो, संध्याकाळी काचेसारखा होतो, आणि आंधळ्या वळणापलीकडं कोण आहे ते कधीच माहीत नसतं. ट्रेलवर धोका वेगाचा आणि समोरच्याचा असतो. पावडरमध्ये डोंगराचा आणि स्वतःचा. दोन्हीकडं मागं वळून बघावं लागतं.

यंदा सुट्टीत घरी येईन तेव्हा आण्णांच्या शेजारी बसून महाबळेश्वरला जायचं ठरवलंय. ते आता रिटायर झालेत, म्हणून दोघंही प्रवासीच. घाट मात्र जागा राहून बघणार आहे.

आणि एक्स्टर्नल सर, हा अंक चुकून तुमच्या हातात पडलाच तर सांगतो: इडलीसारखं नाही सर. गरम करणं हा अर्धाच भाग. जवळ आणायचं आणि मग धीर धरायचा.

(माजी विद्यार्थी, यंत्र अभियांत्रिकी)