मनामाची दोन शिडं

मुलांनो, इराणच्या आखातात बहारीन नावाचं चिमुकलं बेट आहे. त्याची राजधानी मनामा. तिथे समुद्रकाठी दोन प्रचंड शिडं उभी आहेत. पण ती कापडाची नाहीत बरं का! ते आहेत बहारीन वर्ल्ड ट्रेड सेंटरचे जुळे मनोरे, २४० मीटर उंच. दोघांना जोडणारे तीन पूल, एकावर एक, आणि प्रत्येक पुलावर एक पवनचक्की. तिच्या पात्यांचं वर्तुळ २९ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ नऊमजली इमारतीएवढं! ८ एप्रिल २००८ रोजी या तिन्ही चक्क्या पहिल्यांदा एकदम फिरल्या.

पवनचक्की म्हटली की आपल्याला साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं मोकळं पठार आठवतं. मग इथे इमारतींच्या बेचक्यात कशाला बसवली?

दोन इमारतींमधल्या बोळातून जाताना वारा कसा अंगावर येतो, आठवून पाहा. भिंतीतून आरपार जाता येत नाही, म्हणून वारा बाजूला वळतो आणि अरुंद वाटेतून घाईने निघतो. वेग दुप्पट झाला, तर त्यातली ऊर्जा किती होते? दुप्पट नाही, आठपट! नुसता सव्वापट वेग मिळाला तरी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

खरी गंमत आकारात आहे. जमिनीपासून वर जावं तसा वारा जोरात वाहतो. मनोरे मात्र वर निमुळते होत गेलेत, त्यामुळे वर तो कमी कोंडला जातो. परिणाम असा, की तिन्ही चक्क्यांना जवळपास सारखाच वारा मिळतो. शिवाय पुलावरची चक्की वाऱ्याकडे तोंड फिरवू शकत नाही. तिरपा आलेला वारा मनोऱ्यांच्या गोलाईमुळेच वळून समोरून येतो. इमारतीला लागणाऱ्या विजेपैकी ११ ते १५ टक्के वीज यातून मिळावी, अशी अपेक्षा होती.

वारा पकडायची विद्या तिथे नवी नाही. शेजारच्या मुहर्रकमध्ये शेख ईसा बिन अली यांचा जुना वाडा आहे. त्याचा उंच बुरूज वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. पंखा नको, वीज नको!

मग आपल्या गच्चीवर एक छोटी चक्की बसवली तर? थांबा! लंडनच्या ‘स्ट्रॅटा’ या १४८ मीटर उंच इमारतीच्या माथ्यावर २०१० मध्ये तीन चक्क्या बसवल्या. लोकांना मात्र त्या बहुतेक वेळा थांबलेल्याच दिसल्या. म्हणजे नुसती उंची पुरत नाही. आपल्या साध्या सपाट गच्चीची अडचण तर आणखी वेगळी. भिंतीवर आपटलेला वारा कठड्यावरून वर उसळतो आणि गच्चीवर नुसते भोवरे उरतात. त्यांत सापडलेली चक्की गोंधळते, पाती हादरतात, वीज थोडीच मिळते. हादरे भिंतींत उतरतात ते निराळेच. भोवऱ्यांच्या वर जायचं तर खांब चांगलाच उंच हवा.

खरं वाटत नाही? बुटांचं रिकामं खोकं टेबलफॅनसमोर ठेवा आणि आत एखादं जड पुस्तक घाला. लांब काडीला लोकरीचा धागा बांधून तो खोक्याच्या अगदी वर धरा, पंख्यापासून मात्र लांब. धागा थरथरेल, मधूनच उलटाही वळेल. आता काडी हळूहळू वर न्या. कुठे धागा सरळ ताणला जातो, ते पट्टीने मोजा.